ही कोण तुमची?

"मास्तरीणबाई, ही कोण तुमची?"

बंगल्याच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली होती. चर्चच्या पाळकसाहेबांची तिन्ही मुलं पाट्या घेऊन बसली होती. त्यांच्या आईनं, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, कमलकडे बोट केलं होतं. कमल माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. आठ वर्षांची. सतरंजीच्या कडेला, माझा पदर धरून उभी.

मी म्हणाले, "वस्तीतली आहे."

एवढंच. कुणी माझा गळा धरला नव्हता. विचारलं आणि तोंडातून हे निघालं. कमलनं माझा पदर सोडला.

"मग इथं कशाला आणलीत? घरची शाळा घरच्या लेकरांसाठी असते. तुमचंच वाक्य आहे ना?"

होतं. माझंच होतं.

"पाठवा तिला. आणि ती सतरंजी जरा झटकून घ्या."

मुलं उठली. मी सतरंजी अंगणात नेली आणि झटकली. दोन्ही हातांनी, चांगली जोरात. माझ्या भाचीच्या पायाची धूळ मी झटकली, आणि ती बघत होती. मग पाटी पोटाशी धरून ती एकटीच पांदणीच्या वाटेनं निघाली. मी सतरंजी पुन्हा अंथरली. त्या दिवशी बेरजा शिकवल्या. मॅडमचा राग मला नंतर आला. आधी मी हे सगळं केलं.

आता त्या वाक्याचं सांगते.

बोरी अरबच्या अलीकडे मिशनची एका खोलीची शाळा होती. मी तिथं एकटी मास्तरीण. छप्पन साली आमच्या वस्तीनं बुद्धाचा धर्म घेतला. दादानंही घेतला. मी ख्रिस्तातच राहिले. त्यावरून आम्हा भावाबहिणीत कधी वाकडं आलं नाही. वस्तीतली अकरा लेकरं शाळेत येऊ लागली, तशी मी त्यांना ख्रिस्ती मुलांच्या मांडीला मांडी लावून बसवलं. महिन्याभरात मॅडमनी आपली तिन्ही मुलं काढली. त्यांचं घराणं तीन पिढ्यांमागे ख्रिस्ती झालेलं. देव बदलला होता. जात मात्र नीट घडी घालून पेटीत जपलेली.

तसं त्या बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ख्रिस्ती लेकराचं शिक्षण ख्रिस्ती घरातच व्हायला हवं. मिशनच्या यवतमाळच्या सभेत यावर विचार मांडायचाय. तुमची भाषा चांगली आहे. तुम्ही लिहा."

मी हुरळले. बंगल्यातल्या खुर्चीवर बसवून त्यांनी चहा दिला होता, त्यातच मी अर्धी विकली गेले होते. चार दिवस लिहीत होते. लेकरू देवानं आईबापाच्या ओटीत घातलेलं असतं, सरकारच्या नाही. चुलीजवळ, जेवताना, प्रार्थनेला, घरातल्या दुखण्याखुपण्यात ते देवाला ओळखू लागतं. अक्षर आणि श्रद्धा त्याला एकाच हातानं मिळावी. घरची शाळा घरच्या लेकरांसाठी. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझा बाप होता. त्यानं मला उंबऱ्यावर कोळशानं अक्षरं काढून शिकवलं होतं, आणि शिकवता शिकवता येशूच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली काही वाक्यं मला आजही खरी वाटतात. तेच जास्त टोचतं.

सभेत वाहवा झाली. लेखाखाली नाव मॅडमचं होतं, पण मनातून मी फुगलेली. मग आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बाकीच्या घरांनीही मुलं काढली. मिशनची कमिटी म्हणाली, शाळेत ख्रिस्ती मूलच उरलं नाही, तर मिशननं ती चालवायची कशाला? नाताळच्या सुट्टीत शाळेला कुलूप लागलं. मला बंगल्यावर शिकवायला ठेवलं. वस्तीतल्या अकरांपैकी दहा लेकरं कापूस वेचायला गेली. कमल तेवढी माझ्यासोबत येईल, असं मीच दादाला म्हटलं होतं. "बंगल्यात मले कोनी नाही म्हननार नाही," असंही म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी दादा अंगणात बाज विणत होता.

"तू तिले वस्तीतली म्हनलं?"

मी मान हलवली.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. सुंभ ओढत तो म्हणाला, "बापानं तुले घरी काहून शिकवलं, आठवते का? गावच्या शायेत आपल्याले पायरीवर बसवत. पोरगी पायरीवर नाही बसवाची, म्हून त्यानं घरी शिकवलं. दार उघडं असतं त तुले खांद्यावर घेऊन गेला असता तो. अन् तू त्याचंच नाव घेऊन दुसऱ्याच्या लेकराईले दार लावलं."

बापाचा नाइलाज मी तत्त्व म्हणून मांडला होता. त्याच्या तोंडावर लागलेल्या दाराला देवाची इच्छा म्हटलं होतं. आणि ज्यांनी ते लावलं, त्यांच्याच हातात सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं.

कमल चुलीपाशी बसली होती. मी हाक मारली.

"काय, बाई?" ती म्हणाली.

रोज आत्या म्हणायची. त्या दिवशी बाई.

रविवारी उपासना संपत आली, तशी मी उभी राहिले. म्हणाले, "तो लेख मी लिहिला. त्यातलं घर वस्तीतलं, माझ्या बापाचं आहे, बंगल्यातलं नाही. त्या लेखानं अकरा लेकरांची शाळा बंद पाडली. तो मी परत घेते. आणि परवा बंगल्यावरून जिला हाकललं, ती माझी भाची आहे." कुणीतरी खाकरलं. पाळकसाहेबांनी घाईनं शेवटचं गीत सुरू केलं.

दारात मॅडमनी गाठलं. "भावनेच्या भरात नोकरी घालवू नका. उद्या वेळेवर या."

"सतरंजी आता तुम्ही झटका," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी घरोघर फिरले आणि मुलांना घेऊन बोरी अरबच्या सरकारी शाळेत गेले. अकरातली सातच आली. हेडमास्तरांनी लेखणी हातात धरून विचारलं, "ही कोण तुमची?"

"माझी भाची."

"आणि हा?"

"माझाच."

"आणि ही?"

"माझी. सगळी माझी आहेत. नावं लिहा, आणि आत बसवा. पायरीवर नाही."

सात नावं लिहिली गेली. चौघं वावरातून परत आलीच नाहीत. कागदावर ती आज अंगठा लावतात, आणि तो मी लावायला लावलेला आहे. त्यांच्यापैकी कुणी रस्त्यात भेटलं की जयभीम करतं. मला मान वर करवत नाही.

कमल पुढं शिकली. मला अजून बाईच म्हणते. मी तिची माफी मागितलेली नाही. मागितली तर तिला ती द्यावी लागेल, आणि तेवढाही हक्क मला नाही.

मी प्रार्थना करते. लिहितेही. पण लिहायला बसले की आधी कमलला दारात उभी करते, आठ वर्षांची, पाटी घेतलेली. वाक्य पुरं झालं आणि ती बाहेरच राहिली, तर ते वाक्य मी फाडते. मग ते देवाच्या नावानं लिहिलेलं का असेना.