सभ्य मुलांचं सांबार

मद्रासमध्ये त्या काळी माणसाची जात नंतर विचारत, आधी कॉलेज विचारत. कॉलेज कळलं की पुढचं काही विचारायची गरज उरत नसे. शहराच्या एका टोकाच्या कॉलेजातली मुलं म्हणजे संपवाली. दुसरीकडची म्हणजे पुस्तकातले किडे. मुलींच्या अमक्या कॉलेजातल्या म्हणजे इंग्रजीत स्वप्नं पाहणाऱ्या, त्यांना सून करून घेऊ नये. आणि नुंगंबाक्कमच्या बाजूला ज्या कॉलेजात मी कॅन्टीन चालवलं, तिथली मुलं म्हणजे सभ्य. श्रीमंत घरची, इस्त्रीची, आज्ञाधारक. वरच्या आवाजात बोलणार नाहीत, किंमत विचारणार नाहीत, आणि संप तर त्यांच्या सात पिढ्यांनी केला नाही.

हे खरं की खोटं, असं मला अजूनही लोक विचारतात. विचारणारे बहुतेक मुलाच्या प्रवेशासाठी कॉलेज शोधत असतात. मी सांगतो, अगदी खरं आहे. पोळलेल्या माणसाने विस्तवाबद्दल खोटं कशाला बोलावं?

मी तंजावरचा. शाळा संपल्यावर मद्रासला आलो ते हॉटेलात टंबलर विसळायला. तिथून रगड्यावर, रगड्यावरून चुलीपाशी आणि चुलीपासून स्वतःच्या हॉटेलापर्यंत जी वाट आहे ती मी कुणाच्याही शिफारशीशिवाय चाललो. डाळीच्या व्यापाऱ्याशी, लाकडाच्या वखारवाल्याशी, दूधवाल्याशी घासाघीस करताना माझा आवाज शेजारच्या रस्त्यावर ऐकू जाई, असं माझी बायको म्हणायची. जाऊ दे. आवाज माझा, घासाघीस माझी.

कॉलेजच्या कॅन्टीनचं कंत्राट निघालं तेव्हा त्याचा कारभार तर्कशास्त्राच्या एका वयस्क प्राध्यापकांकडे होता. माझ्याशी बोलताना त्यांनी माझ्या कपाळाचं गंध पाहिलं, माझं तमिळ ऐकलं आणि खूश झाले.

"तुम्ही रायर ना?" म्हणाले.

आम्हा तंजावरी मराठ्यांना तिथे सगळे रायरच म्हणतात. मी हो म्हटलं.

"छान. रायर लोक शांत असतात. भांडणतंटा नाही, आवाज नाही. कलेक्टर कचेरीत आमच्या ओळखीचे एक हेडक्लार्क रायर होते, कधी मान वर करून बोलले नाहीत."

मी मान खाली घातली. फायद्याचा गैरसमज खोडून काढायला मी काही समाजसुधारक नव्हतो. शिवाय प्राध्यापकांची एकच अट होती. वर्षभर मुलांची कुरबूर कानावर आली नाही तर पुढच्या वर्षीही कंत्राट माझंच, आणि बाजूची मोठी खोलीही मिळेल. मोठी खोली म्हणजे जेवणाची सोय, आणि जेवणाची सोय म्हणजे वसतिगृहाची सगळी मुलं. त्या खोलीवर माझा जीव जडला. तिच्यात चूल कुठे मांडायची हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मुलं येत, मला "सार", म्हणजे सर, म्हणत, रांगेत उभी राहत. सांडलं तर स्वतः पुसून घेत. मी मनात म्हटलं, लोक बोलतात ते खोटं नाही.

तिथे एक मराठी मुलगाही होता, रेल्वेतल्या अधिकाऱ्याचा. बदली होऊन नाशिककडून नुकतेच आले होते. तो मला काका म्हणायचा. माझी मराठी ऐकून हसायचा.

"काका, तुम्ही बोलायला लागलात की वाटतं, कुणीतरी मोडी कागद मोठ्याने वाचतंय."

"आणि तू बोललास की वाटतं, शाळेचं क्रमिक पुस्तक उघडलंय," मी म्हणायचो. पण त्याच्या ताटात एक वडा जास्त पडायचा. आपला मुलगा, दूरदेशी आलेला. महाराष्ट्रातली माणसं सरळ असतात, असंही मी ऐकलं होतं. ऐकण्यात मी कधी कमी पडलो नाही.

मग डाळ महाग झाली.

मद्रासबाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. तिथे इडलीबरोबरचं सांबार मोजत नाहीत. पोऱ्या बादली घेऊन फिरतो, मुलगा नुसती मान हलवतो, आणि इडलीवर सांबार ओततात. ती पोहायला लागली की आणखी ओततात. मग इडली संपते, उरलेल्या सांबारासाठी दुसरी इडली मागवतात, आणि त्या इडलीसाठी पुन्हा सांबार. पिण्याच्या पाण्याचे जसे कुणी पैसे मागत नाही, तसे सांबाराचेही नाहीत.

आमच्या घरात हे कुणालाच पटत नसे. सांबार हे तंजावरच्या आमच्या राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, असं आम्ही तंजावरी मराठे समजतो. कागद दाखवा म्हणाल तर कागद नाही, पण आजीने सांगितलेल्या गोष्टीला आम्ही कागद मागत नाही. आमच्याकडे सांबार वाटीत वाढतात. पाहुणा "वा" म्हणाला की आणखी थोडं वाढतात. बादलीतून ओतायला ते काय गुरांचं पेंडपाणी आहे? म्हणजे डाळ वाचवायची ती वाचवायचीच होती, पण त्यात मला घराण्याची अब्रूही दिसली. काटकसर आणि अब्रू एकाच वाटीत बसतात, असं फक्त आमच्याच लोकांना वाटू शकतं.

मी पाटी लावली. इंग्रजीत आणि तमिळमध्ये. सांबार वाटीतून मिळेल. दुसऱ्या वाटीचे पैसे वेगळे.

दुपारी तीन मुलं गल्ल्यापाशी आली. पांढऱ्या पँटी, केस पाण्याने बसवलेले.

"सार, ही पाटी तात्पुरती आहे का?"

"कायमची."

"यावर बोलता येईल का, सार?"

"इथे बोलायला येत नाहीत, खायला येतात."

"थँक यू, सार," म्हणाली आणि गेली.

मी माझ्या स्वयंपाक्याला म्हटलं, "बघितलंस? दुसऱ्या कॉलेजात एव्हाना बाकं फुटली असती."

तो कुंभकोणमचा, तिरक्या बोलण्याचा. कढईतला झारा न थांबवता म्हणाला, "बाकं फुटली तर सुतार मिळतो, रायर. थँक यू म्हणाली, त्याला कोण दुरुस्त करणार?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी मोटारी थांबू लागल्या. टी. नगरच्या, नुंगंबाक्कमच्या बंगल्यांमधल्या. ड्रायव्हर उतरून टिफिन कॅरियर देत होते, पितळी, उंच, चार-चार डब्यांचे. मुलं ते घेऊन शिस्तीत आत आली, शिस्तीत रांगेत उभी राहिली.

"सार, इडल्या. नुसत्या."

"सांबार?"

"नको, सार. थँक यू."

मग त्यांनी माझ्याच बाकांवर डबे उघडले. प्रत्येक डब्याला चिठ्ठी होती, मदुरै, पालघाट, नेल्लूर, कोइम्बतूर. ज्या गावची आई, त्या गावचं सांबार. घरचा डबा नसलेल्या वसतिगृहाच्या मुलांनाही बोलावून बोलावून वाढत होती. घोषणा नाही, फलक नाही, टेबलावर मूठसुद्धा आपटली नाही. जाताना बाकं पुसून गेली. माझं सांबार संध्याकाळी गटारात गेलं, आणि असं रोज चाललं.

मराठी मुलगाही त्यांच्यात होता. मी त्याला मागच्या दाराशी गाठला.

"तूसुद्धा? माझे वडे खाऊन?"

"काका, ऐका तरी."

"काय ऐकू? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

त्याने खाली पाहिलं. "माझ्या."

मला पुढचं दिसेनासं झालं. तो घाईने म्हणाला, "काका, सगळे संप करणार होते. प्रिन्सिपॉलच्या दारात बसणार होते. मीच म्हटलं, तसं झालं तर काकांचं कंत्राट जाईल. डबे आणू, चार दिवसांत काका पाटी काढतील. कुणाला कळणारही नाही."

म्हणजे सात पिढ्यांनी संप केला नाही म्हणतात ती मुलं दारात बसायला निघाली होती, आणि मला वाचवायला हा माझा मुडदा पाडत होता. मी त्याला म्हटलं, "पाटी निघणार नाही." तो म्हणाला, "मग काका, निदान या आणि चव घ्या. सगळे म्हणतायत, रायरांना कळतं, त्यांनी सांगावं कुणाचं चांगलं."

मी गेलो. भांडायला गेलो होतो, पण त्यांनी खुर्ची पुसून दिली, पुढ्यात पान मांडलं, आणि आदराने बसवलेल्या माणसाला ओरडता येत नाही. एकेक सांबार आलं. मदुरैचं बरं होतं. पालघाटचं नारळात बुडालेलं. नेल्लूरच्या सांबाराने माझ्या कानांतून वाफ काढली. ज्याचं त्याचं वाढताना तो तो मुलगा माझ्या तोंडाकडे बघत उभा. आईने विचारून यायला सांगितलं होतं म्हणे. मी जाणत्या माणसासारखी मान हलवत होतो. खरं सांगायचं तर माझा राग उतरत चालला होता. ती मोठी खोलीही मला पुन्हा दिसायला लागली होती.

शेवटी मराठी मुलाचा डबा आला. त्यावर चिठ्ठी होती, नाशिक. आणि गंमत म्हणजे त्याच डब्यापाशी सगळ्यात जास्त गर्दी होती.

मी बोट बुडवून चाखलं. गूळ. गोडा मसाला. आमसूल.

"हे सांबार नाही," मी म्हणालो. "ही आमटी आहे."

"फर्स्ट क्लास आहे, सार!" मदुरैवाला म्हणाला.

"आमटी आहे! गूळ घातलेली आमटी! आमच्या राजांनी..."

"मग तुम्ही आमटीच करा ना, रायर," मागून कुणीतरी म्हणालं. "तिच्या किती वाट्या फुकट?"

सगळे हसले. मनापासून, सभ्यपणे, तोंडावर रुमाल धरून हसले. मराठी मुलगाही हसला. तंजावरच्या माणसाला त्याच्याच कॅन्टीनमध्ये बसवून, नाशिकची आमटी सांबार म्हणून खायला घालून वर हसतात! मी पान ढकलून उठलो. माझा आवाज पार तर्कशास्त्राच्या वर्गापर्यंत गेला असणार.

"ज्यांना सांबार घरचं लागतं, त्यांनी इडल्याही घरच्याच आणाव्यात!"

रुमाल खाली आले. पाटीच्या दिवशी आलेल्या तिघांपैकी एक जण पुढे आला.

"येस, सार," तो म्हणाला.

आज्ञाधारक मुलं ती. दुसऱ्या दिवसापासून इडल्याही घरून येऊ लागल्या.

वर्ष संपताना प्राध्यापकांनी मला बोलावलं. टेबलावर कागद नव्हता, तक्रार नव्हती. चेहरा प्रसन्न होता.

"रायर, मुलांची तुमच्याबद्दल एकही कुरबूर नाही."

"मग खोली?"

"तोच विचार करतोय. मुलं आता घरूनच आणतात. तुम्हीच सांगितलंत म्हणे तसं, आणि त्यांनी ऐकलं. मुलं सगळं घरून आणत असतील, तर कॅन्टीन कशासाठी हवं?"

मी भांडलो. डाळीच्या भावापासून राजांच्या मुदपाकखान्यापर्यंत सगळं सांगितलं. एक वर्ष द्या म्हटलं, सहा महिने द्या म्हटलं, नुसती कॉफी तरी चालवू द्या म्हटलं. आयुष्यात इतकी घासाघीस मी कुठल्याच व्यापाऱ्याशी केली नाही. पण व्यापाऱ्याला काहीतरी विकायचं असतं. या माणसाला फक्त अनुमान काढायचं होतं, आणि ते काढून झालं होतं. माझ्या कॅन्टीनच्या जागी टेबल टेनिस आलं. मोठ्या खोलीत त्याचं दुसरं टेबल.

शेवटच्या दिवशी मुलांनी मला निरोप दिला. त्या कॉलेजात शिपाई निवृत्त झाला तरी निरोप देत. हार घातला, तिकडच्या मानाच्या रीतीने हातात लिंबू दिलं. पाटीच्या दिवशीच्या त्या तिघांपैकी एकाने इंग्रजीत भाषण केलं आणि त्यात माझ्या सांबाराची तारीफ केली. मग अल्पोपाहार झाला. तो बाहेरच्या हॉटेलातून मागवलेला होता. मुलं बादली फिरवत होती.

सामान हातगाडीवर चढवताना मराठी मुलगा मदतीला आला. रगड्याला दोर बांधून झाल्यावर म्हणाला, "काका, रागावलात?"

"छे. रायर रागावत नाहीत. विचार तुमच्या प्राध्यापकांना."

"आता कुठल्या कॉलेजात?"

"कॉलेज पुरे. उत्तरेकडच्या एका गिरणीत कॅन्टीन मिळतंय."

"तिथली माणसं कशी आहेत?"

"लोक म्हणतात, दंगेखोर. आवडलं नाही तर दगड मारतात."

तो घाबरला. म्हणाला, "मग काका, तुम्ही..."

"देव करो आणि ते तरी खरं निघो," मी म्हणालो. "दगड मारणारा माणूस निदान दगड मारतो रे. थँक यू म्हणत नाही."

हातगाडीवाल्याने दांडा उचलला. मुलगा बाजूला सरकला, आणि सवयीने थँक यू म्हणून गेला.