फलकावर न घातलेली नावं

पीआरसाठी, म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहायच्या परवान्यासाठी, मी दोन वर्षं क्वीन्सलंडच्या उत्तरेला एका शायरमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रामीण नगरपालिकेत, नकाशे करायची नोकरी केली. शायर पार करायला गाडीने सहा तास लागायचे आणि वस्ती मात्र डोंबिवलीतल्या आमच्या दोन सोसायट्यांएवढी. पावसात नदी फुगली की रस्ते बंद, एरवी पात्रात नुसती वाळू आणि मधेमधे डोह.

गावाच्या तोंडाशी लावायच्या फलकासाठी नकाशा आणि थोडा इतिहास मी तयार करत होतो. ऑफिसची साफसफाई करणाऱ्या बाई तिथल्या मूळ रहिवासी, साठीच्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "एवढं रिकामं का रे?"

शनिवारी त्यांनी मला नदीकाठी नेलं. अकरा डोह दाखवले, प्रत्येकाचं नाव त्यांच्या भाषेत माझ्याकडून घोटून घेतलं. एका वळणावर म्हणाल्या, "माझी आई इथे जन्मली. मग गुरंवाल्यांनी कुंपण घातलं आणि आम्हाला ट्रकमध्ये घालून लांब नेलं." मी सगळं वहीत लिहून घेतलं.

सोमवारी ही नावं फलकावर घालायची का, असं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "घालू की. पण त्यांच्या ज्येष्ठांशी बैठका होतील, दोन महिने जातील. तू ठरव, मेट."

मला सिडनीतली नोकरी मिळाली होती, तीन आठवड्यांत निघायचं होतं. मी म्हटलं, "राहू दे." कोणी जबरदस्ती केली नव्हती.

उद्घाटनाला बाई इस्त्रीचा निळा ड्रेस घालून, नातीला घेऊन आल्या. फलक दोनदा वाचला. त्यावर इतिहास पहिल्या गुरांपासून सुरू होत होता.

"नावं कुठे आहेत?"

"जागा पुरली नाही," मी म्हणालो. अर्धा फलक कोरा होता. त्यांनी त्या कोऱ्या भागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नो वरीज," म्हणाल्या आणि नातीचा हात धरून निघून गेल्या.

चार वर्षांनी, सिडनीत कॅसल हिलच्या घरात सामान आवरताना ती वही सापडली. पानं स्कॅन करून शायरला पाठवली. उत्तरासोबत फोटो आला. बाईंनी बैठका घेऊन, मागे लागून नवा फलक केव्हाच लावून घेतला होता. अकराही नावं होती. मी लिहून घेतलेल्यांपैकी तीन चुकीची होती, हे तेव्हा कळलं. खाली आभारांत माझं नाव होतं. बाईंनीच ते घालायला लावलं म्हणे.

त्यांचा नंबर मी मागवून घेतला. अजून फोन केलेला नाही.