लसणाला बंदी

नत्थूजी फोरमन रोज सकाळी फाटकाशी उभे राहून प्रत्येक कामगाराचा डबा उघडत आणि हुंगत. लसणाचा वास आला, तर तो माणूस त्या दिवशी घरी. आमच्या वाडीच्या पलीकडच्या माळावर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी विषारी वायूची पिंपं आणून ठेवली होती. ती गंजू लागल्यावर नष्ट करण्याचं काम सत्तरच्या दशकात नत्थूजींच्या टोळीकडे आलं. वायू हे नावापुरतं. आत तेलासारखा द्रव होता आणि त्याला लसणासारखा वास येई. अंगाला लागला तरी लगेच दुखत नसे, फोड संध्याकाळी येत. डब्यातला लसूण आणि पिंपातला लसूण यांत गोंधळ नको, म्हणून ही बंदी.

मी एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो आणि नत्थूजींच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. ते स्वतः घरीही लसूण खात नसत. "बायको म्हंते, दुनियेचा चातुर्मास चार महिन्यांचा, तुमचा बारमाही काहून?" असं ते हसत सांगत.

उन्हात द्रव उडतो म्हणून काम हिवाळ्यात चाले. रबरी कपडे आणि मुखवटे घालून माणसं पिंपातला द्रव ब्लीचिंग पावडर कालवलेल्या हौदात थोडा थोडा सोडत.

एके दुपारी मुखवटे उतरवून सगळे शेडमध्ये जेवायला बसले. नत्थूजी कामाच्या कार्यालयात साहेबांकडे गेले होते. लसणाचा वास सगळ्यांना आला, पण कुणी बोललं नाही. कोपऱ्यातल्या मारोतीनं कागदात चटणी लपवून आणली असेल, असं इतरांना वाटलं. मारोतीला वाटलं, शेजारच्या शामरावनं आणली. वास मारोतीच्या पाठीमागे ठेवलेल्या, द्रव सांडलेल्या रबरी बुटांचा होता. तो त्यांना टेकूनच जेवला. संध्याकाळी त्याचे डोळे सुजले, पाठभर फोड आले. नवव्या दिवशी तो इस्पितळात वारला.

शामरावनं नत्थूजींना खरं सांगितलं. "वास आल्ता मले. तुमी त्याले घरी धाडसान म्हणून चूप रायलो."

"घरी धाडलं असतं तं जगला असता," नत्थूजी म्हणाले. "पोरं मले भ्याली गा. वासाले नाई."

चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं होतं. नत्थूजींनी त्यावर सही केली नाही. चूक माझ्या नियमाची, असं लिहा, म्हणाले. तसं कुणी लिहिलं नाही.

मारोतीच्या आईला सांगायला ते पारशिवनीजवळच्या तिच्या गावी गेले. त्यांच्याआधी वर्तमानपत्र पोचलं होतं. चार ओळींच्या बातमीत निष्काळजीपणा हा शब्द होता आणि गावात कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवली होती. आईनं एवढंच विचारलं, "माह्या पोरानं काय केलं व्हतं?"

परतल्यावर नत्थूजी माझ्याकडे आले. दुरुस्ती छापून आणा, म्हणाले. बघतो, असं मी सांगितलं. त्या चार ओळी मीच लिहिल्या होत्या, साहेबांच्या कार्यालयातून मिळालेल्या चौकशीच्या कागदावरून. नत्थूजी भिंतीपलीकडे राहत असूनही मी त्यांना विचारलं नव्हतं. संपादकांकडे मी गेलो नाही.

शेवटचं पिंप रिकामं झालं त्याच्या पुढच्या वर्षी नत्थूजींचा खोकला बळावला. मी इस्पितळात गेलो तेव्हा दोन शब्दांमध्येही त्यांना थांबावं लागत होतं. दुरुस्तीचं त्यांनी विचारलं नाही.

"ते बातमीतलं कोनं लिवलं होतं, समजलं का?" ते म्हणाले. "त्याचा काई दोष नाई. त्याले फकत पारशिवनीले, त्या मायपाशी घेऊन जाचं होतं."

"नाही समजलं," मी म्हणालो. चौथ्या दिवशी ते गेले.