केळुसकरांची तुटक रेघ

वसंत केळुसकर गेले, त्याला महिना झाला. सिंगापुरात मरीन परेडला झालेल्या शोकसभेत माझा मुलगा मोठ्या मायेने म्हणाला, "काका देवमाणूस. एक तळे चुकले, तेवढेच!" सभा हळहळली. चुकीचे विधान मी आजवर कुणाचेही खपवून घेतलेले नाही. त्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत गप्प बसून राहिलो... आज लिहितो : ते विधान धादांत खोटे आहे.

हिमालयातल्या एका निर्जन मुलखाचा नकाशा करायला आमची तुकडी गेली होती. मी प्रमुख, केळुसकर नकाशाकार. हिमनदीच्या तोंडाशी असलेल्या तळ्याचा अलीकडचा काठ आम्ही मोजला. पलीकडचा चार दिवस धुक्यातच राहिला. पाहिलेला काठ सलग रेघेने दाखवायचा आणि न पाहिलेला तुटक, हा आमच्या कामातला धर्म. केळुसकरांनी तुटक रेघ काढली. अपुरा नकाशा माझ्या सहीने जाणे मला कमीपणाचे वाटले.

"सलग करा."

"साहेब, तिथे आपण गेलेलो नाही."

"मी सांगतो ना!"

त्यांनी लेखणी माझ्यापुढे ठेवली. ती रेघ मी ओढली. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी त्या काठावर तंबू ठोकायला गेली, तर तिथे पाणीच पाणी. सामान पाठीवर घेऊन माणसांना माघारी फिरावे लागले. चौकशीत केळुसकर एवढेच म्हणाले, "नकाशा माझ्या हातचा आहे." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मला बढती मिळाली, त्यांना ठपका. घरी जेवताना मुलाला मी सांगितले ते हेच, की केळुसकर चुकले आणि मी सांभाळून घेतले.

म्हातारपणी दोघेही मुलांमागे सिंगापूरला आलो. मी बुकित पंजांगला, ते क्लेमेंटीला. पहिल्या भेटीआधी त्यांनी माझ्या ब्लॉकपासून त्यांच्या दारापर्यंतचा रस्ता कागदावर काढून पाठवला. बस, एमआरटीची मेट्रो, खाण्याच्या गाळ्यांचे हॉकर सेंटर, सारे काही नेमके. फक्त माझ्या लिफ्टपासून बसस्टॉपपर्यंतची रेघ तुटक. भेटल्यावर मी हसलो, "अहो, आता तरी ही सलग करा!"

"घरी बोलवा, साहेब. चालून बघतो, मग करतो."

पाच वर्षे मी त्यांच्याकडे चहाला जात राहिलो. त्यांना बोलावले नाही. माझ्या टेबलावर, माझ्या मुलासमोर तळ्याचा विषय निघाला असता तर...

तो कागद पुढ्यात आहे. काल पेन उचलले आणि खाली ठेवले. त्या रस्त्याने ते कधी आलेले नाहीत.