चिंच मी चाखायला दिली

माझी बायको सगळा जन्म माझ्यासोबत राहिली आणि हे न कळताच गेली. मुलांना ठाऊक नाही. देवासात माझ्या वयाचे जे दोन-चार जण उरलेत, त्यांनाही नाही. तुम्हांला सांगतो आहे, कारण तुम्ही मला दिसत नाही. समोर माणूस असता तर मी पुन्हा दुसरंच काही सांगितलं असतं — तेवढी सवय आहे मला.

मी शिकलेला नाही. दुसऱ्या यत्तेत मास्तरानं कान पिरगळला, तेव्हां पाटी तिथंच टाकली आणि बापाच्या दुकानात येऊन बसलो. परत गेलो नाही. म्हणून हे लिहिणं वेडंवाकडं होईल. होऊ द्या.

आम्ही तांबट. आमचे पणजोबा फौजेच्या मागून दक्षिणेतून इकडे आले, लष्कराची भांडी घडवत. देवासात एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. म्हणजे दोन राजवाडे आणि दोन मुदपाकखाने. दोन्हीकडची जुनी फुटकी भांडी आमच्याकडे तोलून यायची. आम्ही ती वितळवायची, नवी घडवायची आणि तोलून परत द्यायची. भट्टीत थोडं तांबं जळतंच, तेवढी तूट सगळ्यांना मान्य. त्यापेक्षा जास्त तूट आली की तिला एकच नाव — चोरी. आणि ती नोकरानं केली की मालकानं, हे विचारत बसायला राजवाड्यात कोणाला वेळ नसतो. काम दुसऱ्याकडे जातं, बस.

प्लेग ओसरल्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. माझ्याकडे चार माणसं होती. दोघं जाड पत्रा पसरायला नुसते ठोके मारणारे, त्यांचं या गोष्टीत फारसं काम नाही. तिसरा सखाराम, आमच्याच जातीचा, नाशकाकडून आलेला कारागीर. चौथा भेरू. हा अमझेऱ्याचा, माळवी माणूस, माझ्याच वयाचा. भट्टीचा भाता ओढायचा, कोळसा आणायचा, राख काढायचा. माझ्या बापाच्या वेळेपासून होता. बापाला 'बासाब' म्हणायचा आणि मला 'दासाब'.

तर थोरल्या पातीकडून मोठं काम आलं. घरात लग्न होतं, पाण्याच्या मोठ्या घागरी आणि घंगाळं हवी होती. जुन्या भांड्यांचा ढीग येऊन पडला. आणि त्या ढिगातून तांबं कमी व्हायला लागलं. आज एक झाकण, परवा हंडीचा तुकडा. मी आधी म्हटलं, आपलाच हिशोब चुकतो आहे. मग पक्कं समजलं, चुकत नाही.

आता इथून पुढं मला थांबावंसं वाटतं. थांबलो तर पुन्हा लिहायचा नाही, हेही माहीत आहे.

चोर कोण, हे मला कळलं होतं. हे आधी ऐकून घ्या. तुम्ही समजाल की मला नंतर कळलं असेल — नाही. एका सकाळी सखाराम कामावर आला नाही, म्हणून त्याला बोलवायला मी त्याच्या खोलीवर गेलो. तो नदीवर गेला होता. दार नुसतं लोटलेलं. आत पिठाच्या डब्यामागं एक हंडीचा कान पडलेला, त्याच्यावर राजवाड्याचा ठसा. बाकीचं त्यानं विकलं असणार, तेवढा कान राहिला. मी तो उचलला नाही. दार होतं तसं लोटलं आणि दुकानावर येऊन बसलो.

का? तुम्ही विचाराल, रागावलो का नाही? रागीट माणूस मी. वाण्याशी तराजूवरून भांडून अख्खा बाजार गोळा केलेला माणूस. मग त्या दिवशी तोंड का शिवलं?

कारण माझा हात गेला होता.

हे चोरीपेक्षाही जास्त लपवलेलं आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकसारखे ठोके पाडायचे, त्याला आम्ही मठारणं म्हणतो. त्यावरच तांबटाचं नाव. माझं होतं. इंदुरापर्यंत होतं. पण दोन पावसाळ्यांपासून उजवा हात कापायला लागला होता आणि ठोका सरकायचा. गिऱ्हाईक दुकानात असलं की मी हातोडी घेऊन, मान खाली घालून बसायचो. गिऱ्हाईक उठलं की भांडं सखारामकडे सरकवायचो. तो माझे वाकडे ठोके बुजवून पुन्हा मठारायचा आणि मी बुडाला माझा शिक्का मारायचो. सखाराम हे कधी बोलला नाही. मीही नाही. लोक म्हणत, मिस्त्री वय वाढेल तसं आणखीच चांगलं काम करतो आहे. मी हसून ऐकून घ्यायचो.

सखारामला घालवला असता तर त्या घागरी कोणी घडवल्या असत्या? आणि तो बाजारात जाऊन काय बोलला असता?

पण चोर तर लागत होता. राजवाड्याचा कारकून येऊन तोलून गेला होता. जाताना म्हणाला, "मिस्त्री, तांबं काय उंदीर खातात का हो तुमच्याकडे?" माझी माणसं ऐकत होती. तो गेल्यावर कोणी कोणाकडे बघेना. तेव्हां भेरू भात्याजवळून उठला आणि म्हणाला, "दासाब, माताजी का चोखा मंगई लो. म्हारे कई डर नी."

चोखा म्हणजे तांदूळ. टेकडीवरच्या देवीपुढचे तांदूळ आणायचे, ज्यांच्यावर संशय त्यांनी चिमूट-चिमूट चावायचे आणि पानावर थुंकायचे. ज्याचे कोरडे निघतील तो चोर, देवी त्याचं तोंड सुकवते. आमच्याकडे सगळे हे मानत. मी मानत होतो का? माझा बाप म्हणायचा, देवी नाही सुकवत, भीती सुकवते. मला ते तेव्हांही पटलेलं होतं. आणि भीती सखारामला होती, भेरूला नव्हती. म्हणजे तांदूळ सरळ चावले असते तर खरा चोर निघाला असता. माझी अडचण समजली ना तुम्हांला?

ठरला मंगळवार. तांदूळ भेरूच घेऊन आला, पहाटे टेकडी चढून. देवीचा दाणा तोंडात घ्यायचा म्हणून सकाळपासून पाणीही प्यायलेला नव्हता. हे त्यानं मला आपण होऊन सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंस. आणि म्हटलं, सगळे जमेपर्यंत भट्टी पेटव, एक ओतणी काढून घेऊ. वैशाखातले दिवस. तो भट्टीसमोर बसून भाता ओढत राहिला, घामानं निथळत. मी सगळ्यांना थोडं थोडं थांबवत गेलो — ब्राह्मण यायचा आहे, शेजारचे यायचे आहेत. यायचं कोणीच नव्हतं.

मग मी सखारामला मागं बोलावलं. तांबं उजळायला आमच्याकडे चिंच असते, मडकंभर. त्यातला गोळा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "नवी आणली आहे. चाखून सांग, आंबट आहे का."

तांबटाला हे कोणी विचारत नाही. चिंच तांब्यावर घासून बघतात, जिभेवर नाही. सखाराम माझ्याकडे बघत राहिला. काय समजायचं ते त्याला समजलं. त्यानं चिंच तोंडात टाकली, हळूहळू चघळली आणि म्हणाला, "आंबट आहे, अण्णा. चांगली आहे."

बस, एवढंच बोलणं झालं. माझं सगळं पाप एवढ्या बोलण्यात आहे. पुढचं आपोआप झालं.

पळसाची पानं मांडली. ठोके मारणाऱ्यांपैकी एकानं आधी चावले. दुसरा त्याला म्हणाला, "थुंक रे भिया, गिळू नको, आमच्या वाटणीचे खाशील." सगळे हसले. भेरूही हसला. मग सखाराम. त्याच्या पानावर तांदळाचा ओला लगदा पडला. शेवटी भेरू. हात जोडून त्यानं चिमूट घेतली, डोळे मिटून चावला. चावतच राहिला. थुंकला तेव्हां पानावर पांढरी भुकटी पडली, पिठासारखी.

भेरू पानाकडे बघत होता. त्यानं पुन्हा थुंकायचा प्रयत्न केला, तोंडात काही नव्हतंच. माझ्याकडे बघून म्हणाला, "दासाब, पाणी..." आणि थांबला. त्याला वाटलं असेल, आता पाणी मागणं म्हणजे लबाडी.

मी म्हटलं, उद्यापासून येऊ नको. पोलिसात देत नाही, बापाच्या वेळचा माणूस म्हणून. असं म्हटलं मी — बापाचं नाव घेऊन.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी धास्तावलो, वाटलं, विचार करून आला, आता भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. मी भांडणात कधी हरलो नाही, पण त्या दिवशी हरलो असतो असं वाटतं. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, हातात एक तांब्याचा लोटा. त्याच्या बायकोनं माहेराहून आणलेला, घरातलं तेवढंच तांबं.

"माता झूठी नी बोले," तो म्हणाला. "म्हने लियो होयगो, दासाब. याद नी आवे. इके गलई दो."

कळलं का तुम्हांला? देवीवर संशय घेणं त्याला जमलं नाही. माझ्यावर घेणं तर त्याच्या मनातच आलं नाही. उरला कोण? तो स्वतःच. रात्रभर बसून त्यानं ठरवलं की आपणच नेलं असेल आणि विसरलो असू.

त्या लोट्याची गरज नव्हती. चोर सापडला, घालवला, एवढं ऐकून कारकून समजुतीनं घेणार होता आणि त्यानं घेतलंही. पण मी नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी लोटा घेतला. मुशीत टाकला. भात्यावर नवा माणूस ठेवलेला नव्हता. भेरू म्हणाला, मी ओढतो, दासाब, एवढी एक वेळ. आणि बसला. स्वतःचा लोटा वितळेपर्यंत त्यानं भाता ओढला, नेहमीसारखा, एका तालात. मी समोर उभा होतो. तेव्हां तरी बोलायला काय झालं होतं? सखाराम बाहेर गेलेला होता. दुकानात आम्ही दोघंच. तोंड उघडायचं, एवढंच होतं. मी चिमटा धरून उभा राहिलो.

घागरी उत्तम झाल्या. राजवाड्यातून शेला मिळाला, तो मी घेतला.

सखारामचं सांगतो. त्यानं नंतर चोरी केली नाही — चोरून नेणं बंद केलं, उघड न्यायला लागला. संध्याकाळी कातरणातलं तांबं फडक्यात बांधायचा, माझ्यासमोर, आणि म्हणायचा, "येतो अण्णा." मी म्हणायचो, ये. ठोके मारणारे बघायचे. त्यांनी काय ओळखलं, मी विचारलं नाही. एका दिवाळीनंतर तो इंदुरास गेला आणि स्वतःचं दुकान काढून बसला. मग मी सांगत फिरलो की माझी नजर अधू झाली म्हणून मठारकाम सोडलं. हाताचं नाव तेव्हांही घेतलं नाही.

भेरू देवासात राहू शकला नाही. दुसऱ्या कोणत्या दुकानानं त्याला उभं केलं नाही आणि देवीची टेकडी तो पुन्हा चढला नाही, असं ऐकलं. अमझेऱ्याला भावाकडे गेला.

पुष्कळ वर्षांनी मला अमझेऱ्याला जावं लागलं. तिथल्या एका देवळाच्या कळसाचं माप घ्यायचं होतं. धारेहून बैलगाडी केली. मनात होतं, भेरू भेटू नये. हे खरं सांगतो. भेटावा आणि सांगावं, असं काही मनात नव्हतं. पण लहान गाव. देवळातून बाहेर पडलो तर तो समोर, काठी टेकत. केस सगळे पांढरे, पण मला लगेच ओळखलं. हात धरून घरी घेऊन गेला, अंगणात खाट टाकली. मुलं-सुना गोळा केल्या आणि त्यांना माझ्याबद्दल सांगू लागला. "ई म्हारा दासाब है. म्हारा हात से चोरी हुई गी थी, पण इनने म्हारे पुलिस में नी दियो. म्हारी इज्जत राखी."

मुलांसमोर सांगत होता, सुनांसमोर. आपण चोर, असं. आणि माझ्याकडे बघत होता, अभिमानानं.

त्याची सगळ्यांत मोठी नात असेल, तिनं विचारलं, "काय चोरलं होतं तुम्ही?" माळवीत विचारलं. भेरू हसला, मान हलवली, म्हणाला, तेच तर आठवत नाही.

मग तो वाकला. गुडघे दुखत होते त्याचे, खाटेची कड धरून वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मुलांना म्हणाला, तुम्हीही पाया पडा. एकेक जण पडला. मी पाय मागं घेतले नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, तोच कापणारा हात. सुनेनं पेलाभर दूध आणलं, ते प्यालो आणि गाडीत जाऊन बसलो.