दाराकडे तोंड केलेले बूट

काल कार्डिफला मुलाकडे राहायला आले. तो ऑफिसचे बूट पॉलिश करत होता. त्या वासाने मला थेट आमच्या लंडनजवळच्या पिनरमधल्या जुन्या घरात नेलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सासूबाई लष्करी इस्पितळात नर्स होत्या, मेजर होऊन निवृत्त झालेल्या. पुण्यात सगळं घर त्यांच्या शब्दावर चालायचं. आमच्याकडे राहायला आल्या तरी बॅग अर्धी भरलेलीच. रोज संध्याकाळी काळे बूट चकचकीत करून पलंगाशी ठेवायच्या, दाराकडे तोंड करून. मला संशय यायचा, की या एक दिवस निघून जाणार आणि खापर माझ्यावर फुटणार.

शेवटी विचारलंच, "आई, कुठे निघालात?"

खोटं दुखणं सांगणाऱ्या जवानाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू जा म्हणशील तेव्हाची तयारी."

"मी कशाला म्हणेन?"

"आज म्हणत नाहीस," म्हणत त्यांनी पुन्हा ब्रश चालवला.

तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

काल सून म्हणाली, "आई, आता फॉर गुड इथेच राहा हं." मुलगी गोड आहे. मी हो म्हटलं आणि खोलीत जाऊन माझे बूट दाराकडे वळवून ठेवले.