उतारावरची चौथी मेढ

दिवसाउजेडी मासा धरायचा तर आधी स्वतःची सावली सांभाळावी लागते. हे मला बेळगावच्या कँपातल्या एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यानं शिकवलं. त्याला मराठीची परीक्षा द्यायची होती आणि मी तेव्हा खासबागेत राहून नोकरी शोधत होतो. आठवड्यातून तीन सकाळी मी त्याला शिकवायला जात असे. खोलीत बसून शिकायचा त्याला कंटाळा होता. तो मला मार्कंडेय नदीच्या काठी नेई आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून क्रियापदं चालवी. "मी टाकतो, तू टाकतोस, ती टाकते." प्रत्येक 'टाक'बरोबर त्याच्या हातातल्या काठीचा रेशमी दोर हवेतून मागे जाऊन पुढे येई आणि टोकाच्या गळावर बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद बसे.

त्याच्या मुलखात एक ट्राउट मासा असतो म्हणे, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि परत नदीत चढतो. तिथले लोक तो रात्री धरतात, कारण दिवसा तो काठावरच्या माणसाच्या टोपीलाही भितो. साहेबाला मात्र दिवसाच धरायचा नाद. तो म्हणे, "मासा घाबरलेला आहे. आपण त्याच्यापेक्षा जास्त घाबरून चालायचं. मग तो येतो." त्याचं मराठी तोवर बरं झालं होतं.

मला हे वाक्य फार आवडलं. मी मुळात भित्राच माणूस आहे. माझ्या भित्रेपणाचा कुठंतरी उपयोग होतो, हे मला त्या पाण्यात पहिल्यांदा कळलं.

परीक्षा पास होऊन साहेब गेला आणि जाताना ती काठी मला देऊन गेला. वेळूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, तीन तुकड्यांत निघणारी. पुढं मला बोरगावच्या बाजूला दूधगंगेकाठच्या एका लहान गावात शाळामास्तरची जागा मिळाली, तेव्हा ती काठी मी धोतरात गुंडाळून वळकटीत घातली.

गावात जैनांची वस्ती मोठी. पाटील जैन, आणि माझी खोली त्यांच्याच वाड्याच्या सोप्याला लागून. जेवण त्यांच्याकडेच. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची पानं उठत. दिव्यावर किडा येऊन ताटात पडेल म्हणून अंधारात कुणी घास घेत नसे. पाणी फडक्यातून गाळून, आणि त्या फडक्याला लागलेले जीव पुन्हा विहिरीत सोडून यायचे. अशा घरात मी आश्रित होतो, आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर जाऊन मासे धरत होतो. मासा मी कधी मारला नाही. गळ काढून परत सोडत होतो. पण हे कुणाला सांगणार? धरलेला मासा सोडला हे ऐकायच्या आधीच माझी वळकटी रस्त्यावर पडली असती.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. पाटलांच्या माजघरात मोराच्या गळलेल्या पिसांची जुडी असे. मुनिमहाराज गावावरून गेले तर त्यांच्या पिंछीसाठी, जीव न दुखवता जागा झाडायच्या कुंच्यासाठी, ती जपून ठेवलेली. त्यातल्या पिसांचे चार-चार तंतू मी चोरून आणत होतो. त्यांनी बांधलेली माशी दुपारच्या उन्हात हिरवी चमके आणि मासा तिच्यावर उडी घेई. बांधलेल्या माश्या मी खडूच्या डब्यात ठेवत असे.

नदीला आमच्या गावाशी उतार होता, गाडी पार होईल अशी उथळ वाट. पावसाळा सरून पाणी उतरलं की अंबीमामा तो उतार शोधून देत. अंबी म्हणजे नदीवर नाव चालवणारे लोक. पुरात वाळू सरकते, म्हणून उताराची वाट दरवर्षी थोडी बदलते. मामा हातात बांबू घेऊन छातीभर पाण्यातून चालत, तळ चाचपत, आणि खालच्या अंगाला ओळीनं सात मेढी, म्हणजे खुणेचे वासे, रोवत. प्रत्येक मेढीला करंजाची हिरवी डहाळी. गाडीवानानं मेढींच्या वरच्या बाजूनं, चाक हातभर अंतरावर ठेवून हाकायचं. मेढींच्या खाली डोह. या कामाबद्दल सुगीला प्रत्येक घरातून मामांना धान्य मिळे. तोच त्यांचा वर्षाचा आधार.

त्या दिवशी निपाणीचा बाजार होता. शाळेला सुट्टी, आणि गावातल्या गाड्या पहाटेच गेलेल्या, दिवस कलल्याशिवाय परतायच्या नाहीत. भर दुपारी सावली पायाखाली असते, म्हणून मी तीच वेळ धरली. चौथ्या मेढीच्या खाली डोहाच्या तोंडाशी मोठ्या खवल्यांचा एक रुपेरी मासा मी तीन आठवडे बघत होतो. पण दोर मागे उडवला की तो मेढीच्या डहाळीत अडके. दोनदा सोडवला. तिसऱ्यांदा हिसडा दिला तर दोराच्या टोकाचा बारीक धागा तुटला आणि माशी डहाळीतच राहिली. पानांत बोटं घालून शोधली, सापडली नाही.

मला राग आला. मी मेढ हलवून उपटली आणि वाहून जाऊ नये म्हणून आठ-दहा पावलं खाली, डोहाच्या कडेच्या वाळूत खोचली. जाताना परत लावायची, असं मनाशी म्हटलं. ते मनाशी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो.

एवढ्या हालचालीनं मासा खाली गेला होता. पाणी शांत होऊ द्यावं म्हणून मी काठावर करंजाच्या झुडपाआड बसलो आणि दुसरी माशी बांधायला घेतली. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून घुंगरं ऐकू आली.

गाडी परगावची होती. आमच्या गावच्या माणसाला मेढी नसत्या तरी वाट ठाऊक, पण हा गाडीवान एकेक मेढ बघत बैल हाकत होता. पिकल्या मिशांचा माणूस, मागे बांबूच्या तट्ट्याच्या छपराखाली एक बाई, पोट पुढं आलेलं. पहिली मेढ मागे पडली. दुसरी. तिसऱ्याशी येऊन त्यानं पुढं बघितलं, चौथी खाली दिसली, आणि कासरा ओढून त्यानं बैल खाली वळवले.

ओरडायला एक क्षण पुरला असता. "वर घ्या" एवढे दोनच शब्द. मी तोंड उघडलं आणि माझ्या हातातली काठी माझ्या नजरेला पडली. मग मी काय केलं ते लिहितो. मी आधी काठी झुडपात सरकवली. वर पाला टाकला. खडूचा डबा सदऱ्याच्या आत घातला. मग उठून ओरडलो.

तोवर डावं चाक कडेवरून घसरलं होतं. गाडी कलली, तट्ट्या पाण्यात गेला आणि डावा बैल जूसकट खाली ओढला गेला. बाईचा आवाज ऐकू आला नाही, फक्त तिचा हात तट्ट्याच्या कामटीला धरलेला दिसत होता. वरच्या बाजूच्या खोपटातून अंबीमामा विळा घेऊन धावत आले आणि उडी टाकून पोहत गेले. त्यांनी आधी बाईला ओढून वाळूवर टाकलं, मग उजव्या बैलाच्या गळ्याचा पट्टा कापला. डाव्याचा कापेपर्यंत तो बैल हलायचा थांबला होता. मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो होतो आणि तिथंच उभा होतो. मला पोहता येतं.

बाई वाचली. तिला बायकांनी पाटलांच्या वाड्यात नेलं, शेक दिला. पोटातलं मूल हलतंय असं सुईण म्हणाली तेव्हा मी सोप्याच्या खांबाला धरून खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, मास्तर भारी हळवे.

दुपारीच चावडीवर माणसं जमली. बाजाराला न गेलेली, निम्मी म्हातारी. गाडीवाला त्या बाईचा सासरा निघाला. सून सातव्यात, तिला माहेरी पोचवायला चालला होता. ओल्या धोतरानं उभा राहून तो एवढंच म्हणत होता, "मी मेढी बघूनच हाकत हुतो हो. मेढी बघूनच."

अंबीमामांनी ती चौथी मेढ उपटून आणून चावडीच्या फरशीवर ठेवली होती. डहाळी अजून ओली. त्या पानांत कुठंतरी मोराच्या पिसाची माझी माशी असणार. या गावात तसं पीस एकाच घरात असतं. मी त्या पानांकडे बघू शकत नव्हतो आणि दुसरीकडेही बघू शकत नव्हतो.

"काय मामा," एक जण म्हणाला, "मेढ रवताना पाणी जास्त हुतं का पोटात दारू?"

"दारू आसती तर वाकडी रवली आसती. ही सरळ हाय, पन डोहात," दुसरा म्हणाला, आणि दोघंतिघं हसले.

"मी हितं रवली न्हाय," मामा म्हणाले. "माजी मेढ हातभर खोल जाती. ही वीतभर बी नव्हती. कुनीतरी हलवलीया."

"कोन हलवंल? मासं?"

पाटील हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्ही काठावर होता म्हणं. कुणाला बघितलासा?"

"फिरायला गेलतो, आप्पा," मी म्हणालो. "गाडी कलली तेव्हाच बघितलं."

"मग तुम्हीच लिहा. अक्षर चांगलं हाय तुमचं."

मी पंचनामा लिहिला. सकाळी उताराच्या खुणा तपासायचं काम अंबीचं, आज तपासल्या होत्या का, असं पाटलांनी विचारलं. मामा म्हणाले, "आज न्हाय बघितल्या. गाड्या पाटंच गेल्या, म्हनून." ते वाक्य मी लिहून घेतलं. मला तेव्हा काय वाटलं तेही सांगतो, कारण तेच सगळ्यांत वाईट आहे. मला आनंद झाला. शेवटी लिहिलं की चौथी खूण अंबीच्या हयगयीनं चुकीच्या जागी रोवली गेल्यामुळं गाडी डोहात गेली. चावडीचा निकाल झाला: पुढच्या सुगीपासून अंबीचं धान्य बंद, काम दुसऱ्याला, आणि यंदाचं धान्य बैलाच्या मालकाला.

मामा अंगठा लावायला माझ्यासमोर बसले. शाई लावायला मी त्यांचा अंगठा हातात घेतला.

"हात लई कापतोय मास्तर," ते हळूच म्हणाले. "गार झालासा पाण्यात."

त्या रात्री मी झोपलो नाही. पानांत माशी कुणाला सापडेल, सकाळी कोण दार ठोठावेल, एवढाच विचार. मामांच्या घरात काय चाललं असेल हा विचार मला त्या रात्री एकदाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी झुडपातली काठी काढायला गेलो. मामा उतारावर कडेच्या दगडावर बसले होते. मेढ परत जागेवर रोवलेली होती. मला बघून त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि तळहात पुढं केला. हिरवी माशी, गळासकट.

"ह्यो गळ हाय, न्हवं? पीस आप्पाच्या घरचं."

मी तिथंच वाळूत बसलो. "कधी सापडली?"

"मेढ उपटली तवाच. बोटाला टोचली."

"म्हणजे अंगठा लावायच्या आधी?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत, मामा?"

ते नदीकडे बघत होते. "मी बोललो आस्तो, आनि तुमी न्हाय म्हनला आस्तासा. मास्तर खरं का अंबी खरा? म्हनून वाट बघितली. म्हनलं, तुमी बोलशीला. लिवताना थांबशीला म्हनलं. अंगठा धरलासा तवा तर मला वाटलं, आता बोलत्यात." मग ते उठले आणि माशी माझ्या हातावर ठेवली. "खुना बघितल्या न्हाईत, ती माजी चूक हायच. तेवढी माजी. बाकीची तुमची तुमी बघा."

मी तिथून थेट वाड्यावर गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो. माशी मुठीत होती, गळ तळव्यात रुतत होता. पाटील पानावर बसलेले, शेजारी माझं पान मांडलेलं. सूर्य बांधापलीकडं टेकला होता.

"आप्पा, एक बोलायचं होतं," मी म्हणालो.

"आधी जेवून घ्या मास्तर, दिस मावळतोय. बोलणं काय, मागनं बी हुतं."

मी मूठ सदऱ्याच्या खिशात रिकामी केली, हात धुतले आणि पानावर बसलो. ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी होती. मी सगळं जेवलो. आंचवून आलो तेव्हा अंधार पडला होता आणि पाटील उठून मंदिरात गेले होते. ते परत आले तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं होतं.

सुगीनंतर अंबीमामा बायकोला घेऊन लेकीच्या गावी गेले. जाताना ते शाळेवरून गेले, मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली. काठी निघताना मोडून चुलीत घातली. माशी मात्र टाकवली नाही, ती अजून खडूच्या त्याच डब्यात आहे. पीस विरलंय, गळ गंजलाय.

मामा आज हयात असतील असं वाटत नाही. त्यांची लेक असेल. हे सगळं लिहून मी त्याची एक प्रत काल बेळगावच्या खडेबाजारातल्या टपालपेटीत टाकली, त्या गावच्या चावडीच्या पत्त्यावर, पाटलांच्या नावानं, चावडीवर वाचून दाखवावी अशी विनंती करून. खाली माझी सही आहे आणि मी कुठे राहतो तेही लिहिलंय. आज दुपारी पोस्टमननं शेजारच्या दारात सायकल लावली तर मी खिडकीतून मागे सरलो, आणि नंतर बराच वेळ भिंतीला टेकून उभा होतो.